बाबांचा पीसी दिसत नाही

गेल्या वीकांताला घरी कराडला गेलो होतो. शनिवारी दुपारी आईच्या हातचं जेवून जरा आडवा होतोय तोच बाबांची हाक आली. "अरे, जरा इकडे ये. आपला पीसी टकटक करतोय."

आयटीतल्या मुलाचं घरी जाणं म्हणजे हेच असतं म्हणा. प्रिंटर, मोबाइल, टीव्हीचा रिमोट, सगळे आपापले आजार घेऊन रांगेत उभे असतात. पण 'टकटक' ऐकलं आणि माझी झोपच उडाली. जुनी हार्ड डिस्क असा आवाज करायला लागली की तिचे दिवस भरत आले असं समजायचं. आणि हा पीसी २००७ साली, मी चौथीत असताना घेतलेला, विंडोज एक्सपीवाला. बाबा अजूनही त्यावर पत्ते खेळतात.

पत्त्यांचं काही नाही हो. पण त्याच डिस्कवर आमच्या घरचं मोडी दप्तर आहे. खरेदीखतं, वाटणीपत्रं, जुनी पत्रं, असे दोन रुमाल होते. २००८च्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी स्कॅनर आणून एकेक कागद स्कॅन केला. मूळ रुमाल सांगलीला काकांकडे राहिले. ऑगस्ट २०१९च्या महापुरात काकांचं तळमजल्यावरचं घर पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर रुमालांतून जे निघालं त्याला कागद म्हणता येणार नाही.

"बाबा, या स्कॅनची कॉपी कुठे ठेवलीय तुम्ही?"

"कॉपी कशाला? कॉम्प्युटरमध्ये आहे की सगळं!"

झालं! म्हणजे घराण्याची सगळी कागदपत्रं एका टकटक करणाऱ्या डिस्कवर. आधी पेन ड्राइव्ह लावून पाहिला, तर लावताक्षणी पीसी रीस्टार्ट झाला. दोनदा झाला. तिसऱ्यांदा करायची छाती नव्हती. डिस्क बाहेर काढावी तर त्या जुन्या डिस्कला लागणारा अडॅप्टर घरात नाही. उरला एकच मार्ग. पीसी केबलने राउटरला जोडायचा, माझा लॅपटॉप त्याच राउटरच्या वायफायवर आहेच, मग नेटवर्कवरून फोल्डर ओढून घ्यायचं. दोन्ही यंत्रं एकाच खोलीत, मध्ये जेमतेम चार फूट अंतर. पाच मिनिटांचं काम.

साडेतीन तास लागले :)

त्या साडेतीन तासांत मी आधी खूप चिडचिड केली. पण एकेक अडथळा सुटत गेला तसं लक्षात आलं की यातल्या बहुतेक अडथळ्यांना बिघाड म्हणता येणार नाही. ते कुणीतरी, कुठल्यातरी ठरावीक साली, काहीतरी घडलं म्हणून मुद्दाम घातलेले आहेत. तो इतिहास मला इतका आवडला की म्हटलं, लिहून काढू.

सुरुवात पत्त्यापासून. पीसीवर काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' दिलं, तर त्याचा पत्ता १६९.२५४ने सुरू होणारा निघाला. हा आकडा नेटवर्कवाल्यांना ओळखीचा असतो. यंत्राने "मला कुणी पत्ता देतं का?" असं विचारलं, कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता ठरवून घेतला, असा त्याचा अर्थ. विंडोज ९८पासून हे असं होतं.

पत्ता मागायची ही पद्धत तशी उशिराची. आधी नेटवर्क सांभाळणारा माणूस प्रत्येक यंत्राचा पत्ता हाताने भरायचा आणि वहीत टिपून ठेवायचा. १९८५ साली बूटपी नावाची पद्धत आली आणि ऑक्टोबर १९९३मध्ये तिच्यावरूनच डीएचसीपी आली. अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातल्या राल्फ ड्रोम्स यांचं नाव तिच्या दस्तऐवजावर आहे. यंत्र चालू झालं की सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी हाळी देतं आणि जो कुणी उत्तर देईल त्याचं म्हणणं खरं मानतं. 'जो कुणी' हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्याकडे हाळी राउटरपर्यंत पोचतच नव्हती. केबलच्या टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली, त्यामुळे ती सॉकेटमध्ये ढिली बसत होती. दिवा मात्र इमानदारीत लुकलुकत होता! नवी केबल लावली आणि पीसीला १९२.१६८.१.७ असा पत्ता मिळाला.

आता केबलचाच विषय निघालाय तर तिचं मूळ सांगतो, कारण सगळ्या गोष्टीची गुरुकिल्ली तिथे आहे. १९७१ साली हवाई बेटांवर नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रं रेडिओवरून विद्यापीठाच्या मोठ्या कॉम्प्युटरशी बोलायची. सगळ्यांची बोलायची लहर एकच. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही बोलणं वाया. मग थोडं थांबायचं, किती ते दैवावर सोडायचं, आणि पुन्हा बोलायचं. पंगतीत दोन माणसं एकदम बोलायला लागली की "तुम्ही बोला, तुम्ही बोला" होतं ना, तसंच.

ही कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी उचलली आणि सुधारली. २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात त्यांनी एक टिपण लिहिलं आणि त्यात 'ईथर' हा शब्द वापरला. मग डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर त्यांनी ते प्रत्यक्षात उभं केलं. एकच जाड केबल, तिला सगळी यंत्रं जोडलेली, वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. या केबलवर एकाने काही पाठवलं की ते सगळ्यांच्या दारात जायचं. प्रत्येक यंत्र वरचा पत्ता बघायचं, आपला नसेल तर सोडून द्यायचं. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, एवढीच शिस्त. कुलूप वगैरे काही नाही, नुसते संस्कार!

आज हे भाबडं वाटेल. पण त्या केबलवर होते कोण? एकाच इमारतीतले, एकमेकांना नावानिशी ओळखणारे सहकारी. तिथे कुलूप कशाला लागतंय?

पुढचा प्रश्न पत्त्याचाच, पण वेगळा. हे १९२.१६८ आमच्या घरी आहे, तुमच्याही घरी असेल, शेजाऱ्यांकडेही असेल. मग गोंधळ कसा होत नाही? कारण हे पत्ते फक्त घरातल्या घरात चालतात. प्रत्येक घरात एक 'दादा' असतो, घरात "दादा" म्हटलं की बरोबर तोच ओ देतो. रस्त्यावर उभं राहून "दादा" अशी हाक मारली तर काय होईल? इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते ४२९ कोटींच्या आसपास. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं. म्हणून फेब्रुवारी १९९६च्या एका प्रसिद्ध दस्तऐवजाने तीन गट घरगुती वापरासाठी राखून ठेवले. १९२.१६८ हा त्यातला सर्वात छोटा, ६५,५३६ पत्त्यांचा. यातून एक फायदा ओघाने झाला. बाहेरचा कुणी थेट तुमच्या घरातल्या 'दादा'ला हाक मारू शकत नाही. उंबरठा बांधला होता पत्ते वाचवायला, पण त्याने चोरालाही थोडं अडवलं.

असो. पत्ता मिळाला, आता लॅपटॉपवरून पीसीला 'पिंग' केलं. चारही वेळा उत्तर नाही.

'पिंग' हा आम्हा लोकांचा स्टेथोस्कोप. डिसेंबर १९८३मध्ये माइक म्यूस यांनी तो लिहिला. ते अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत होते. तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं, म्हणून एका संध्याकाळी बसून त्यांनी हजारेक ओळींचा प्रोग्राम लिहून टाकला. पाणबुडीचा सोनार आवाज पाठवतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो, त्या आवाजावरून नाव ठेवलं पिंग. हीच आपली सर्वात गाजलेली कामगिरी ठरणार हे माहीत असतं तर अजून एक-दोन दिवस त्यावर घालवले असते, असं त्यांनी नंतर गमतीने लिहून ठेवलंय. २० नोव्हेंबर २००० रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. त्यानंतरही जगात कुठेही नेटवर्क अडलं की माणसाचा हात आधी त्यांच्या प्रोग्रामकडेच जातो.

पिंगला उत्तर नाही म्हणजे पीसी पोचण्याबाहेर आहे असं वाटेल. मलाही वाटलं. पण मग एक जुनी युक्ती आठवली. लॅपटॉपवर 'एआरपी'ची यादी काढली, तर त्यात पीसीच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक चक्क हजर! एआरपी म्हणजे नोव्हेंबर १९८२मध्ये डेव्हिड प्लमर यांनी मांडलेली पद्धत. "१९२.१६८.१.७ कोण आहे रे?" असं सगळ्यांना विचारायचं, ज्याचा तो पत्ता तो म्हणतो, "मी, हा माझा कार्डाचा क्रमांक." (इथेही जो 'मी' म्हणेल त्याच्यावर विश्वास!) म्हणजे पीसी एआरपीला उत्तर देत होता आणि पिंगला देत नव्हता. दाराशी आलेल्याला आतून "आहे मी" म्हणायचं, पण कडी काढायची नाही, असा प्रकार.

कडी कुठली ते लगेच कळलं. फायरवॉल.

आता २००३ सालात चला. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल अगदी २००१पासून होती, पण बंद. ज्याला हवी त्याने चालू करावी. जुलै २००३मध्ये मायक्रोसॉफ्टने एका भोकाची दुरुस्ती जाहीर केली. ११ ऑगस्टला त्याच भोकातून 'ब्लास्टर' नावाचा किडा शिरला. कुठली फाइल उघडायला नको, कुठल्या दुव्यावर क्लिक करायला नको. दुरुस्ती न केलेला पीसी इंटरनेटला नुसता जोडला, पुरे. स्क्रीनवर "साठ सेकंदांत यंत्र बंद होणार" अशी चौकट यायची आणि आकडे उलटे मोजायला लागायचे. काही लाख यंत्रं लागण होऊन बसली.

त्यानंतर ऑगस्ट २००४मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि त्याने फायरवॉल सगळ्यांकडे आपोआप चालू केली. वरवर बघता एक छोटं बटण 'बंद'वरून 'चालू'वर गेलं, एवढंच. पण माझ्या मते घरगुती कॉम्प्युटरच्या इतिहासात हा मोठाच बदल आहे. तोवर न विचारता येणारा प्रत्येक जण पाहुणा होता, त्या दिवसापासून तो अनोळखी झाला. बाबांचा पीसी २००७चा, म्हणजे तो ही शिकवण घेऊनच घरी आला होता. त्याने माझ्या लॅपटॉपला दार उघडलं नाही यात त्याचं काय चुकलं? मी होतोच अनोळखी.

बाबा मागे खुर्ची टाकून बसले होते. त्यांना हे सगळं सांगत होतो. ते म्हणाले, "म्हणजे शेतातल्या बांधासारखं आहे हे. कुठला बांध उगाच नसतो. प्रत्येक बांधामागे एक भांडण असतं."

हे इतकं नेमकं होतं की मी गप्पच झालो.

फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगला परवानगी दिली. पिंगचं उत्तर आलं. हुश्श! आई चहा घेऊन आली, मी ऐटीत म्हटलं, "झालंच बघ." आणि फोल्डर उघडायला गेलो, तर आता माझ्याच लॅपटॉपने नकार दिला. या फोल्डरला एसएमबीची पहिली आवृत्ती लागते, ती जुनी आणि असुरक्षित आहे, असं काहीसं म्हणणं होतं त्याचं.

हा दुसरा बांध, आणि तो माझ्या बाजूचा.

एसएमबी म्हणजे एका यंत्रावरची फाइल दुसऱ्याने उघडायची भाषा. ऐंशीच्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी ती तयार केली, पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. ऑफिसातल्या दहा-वीस यंत्रांसाठी होती, त्यामुळे ती मोकळेपणाने बोलायची. इतकी मोकळी, की कॅनबेरातल्या अँड्र्यू ट्रिजेल या पीएचडीच्या विद्यार्थ्याने १९९१-९२च्या सुमारास वायरवरून जाणारं बोलणं नुसतं ऐकून तसाच सर्व्हर स्वतः लिहिला. पुढे नाव बदलायची वेळ आली तेव्हा त्याने एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द शब्दकोशात शोधले आणि 'सांबा' निघालं. लिनक्सवाल्यांना हे नाव सांगायला नको.

पण तीच जुनी भाषा पंचवीस-तीस वर्षांनीही कोट्यवधी यंत्रांत चालू होती. सप्टेंबर २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच नेड पाइल यांनी जाहीरपणे लिहिलं की पहिली आवृत्ती वापरणं थांबवा. किती जणांनी ऐकलं असेल ते तुम्ही समजू शकता. मार्च २०१७मध्ये तिच्यातल्या भोकांची दुरुस्ती आली. एप्रिलमध्ये अमेरिकन गुप्तहेर संस्था एनएसएकडून चोरीला गेलेलं, त्याच भोकाचं हत्यार इंटरनेटवर उघड झालं. आणि शुक्रवार, १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' सुटला. फाइलींना कुलूप लावायचं आणि खंडणी मागायची. काही दिवसांत सुमारे १५० देशांतली दोन लाखांहून जास्त यंत्रं त्यात सापडली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. मार्कस हचिन्स या तरुणाला त्या प्रोग्रामात एक विचित्र वेब पत्ता दिसला. त्याने तो नोंदवून टाकला आणि पसरणं थांबलं, नाहीतर आकडे आणखी वाढले असते.

हा किडा एका यंत्रात शिरला की तिथून आतल्या आत, शेजारच्या यंत्रांकडे जायचा. म्हणजे नेमका त्याच रस्त्याने, ज्या रस्त्याने मी बाबांचं फोल्डर आणायला निघालो होतो. ऑक्टोबर २०१७च्या विंडोज १०पासून ही जुनी भाषा नव्या यंत्रावर मुळातच घातलेली नसते. आणि एक्सपीला तिच्याखेरीज दुसरी येतच नाही. चार फुटांवरच्या दोन यंत्रांना एकमेकांचा पत्ता माहीत, आवाज पोचतोय, आणि तरी बोलायला सामाईक भाषा नाही!

आता करायचं काय? लॅपटॉपवर जुनी भाषा हाताने चालू करता येते. पण का बंद केली हे सगळं आठवत असताना ती बिनधास्त चालू करवेना. शेवटी आधी राउटरमधून बाहेरून येणारी फायबरची वायर काढली. आईच्या आणि बाबांच्या मोबाइलचं वायफाय बंद केलं, टीव्हीचं पण. ("माझी मालिका?" "आई, एक तास!") राउटरवर उरली दोनच यंत्रं, दोन्ही आमचीच. म्हणजे १९७३ सालातली ती खोली मी आमच्या घरात तात्पुरती तयार केली, जिथे केबलवरचा प्रत्येक जण ओळखीचा आहे. मग लॅपटॉपवर जुन्या भाषेचा फक्त मागणी करणारा भाग चालू केला, रीस्टार्ट दिला, आणि फोल्डर उघडलं.

साडेनऊ जीबी. डिस्क टकटक करत होती आणि हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. दोन फाइली वाचल्याच गेल्या नाहीत. बाकी सगळ्या आल्या.

कॉपी झाल्यावर आधी जुनी भाषा काढून टाकली, फायरवॉलमधली परवानगी रद्द केली, पीसी बंद केला आणि मगच फायबरची वायर परत लावली. बाबांनी लॅपटॉपवर एक स्कॅन उघडला. त्यांना मोडी येते, मला नाही. दोन भावांचं वाटणीपत्र होतं. कुठली जमीन कुणाची, बांध कुठून कुठे, विहिरीचं पाणी कुणी कुठल्या वारी घ्यायचं, सगळं लिहिलेलं, आणि खाली साक्षीदारांची नावं. बाबा बोट ठेवून वाचत होते. विहिरीच्या ओळीशी थांबून म्हणाले, "बघ, बांध घातला, पण पाण्याला वाट ठेवली."

रविवारी पुण्याला निघण्यापूर्वी तीन कॉपी केल्या. एक कराडला, एक सांगलीला काकांसाठी (वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवायच्या अटीवर!), एक माझ्याकडे. न वाचल्या गेलेल्या दोन फाइलींसाठी पुढच्या वीकांताला अडॅप्टर घेऊन जाणार आहे.

तुमच्याही घरी कोपऱ्यात असा एखादा जुना पीसी असेल, तर तो अजून चालतोय तोवर त्यात काय काय आहे ते एकदा बघून घ्या. आणि दोन यंत्रं एकमेकांना दिसत नसतील तर लगेच चिडून सगळी कुलपं उघडत सुटू नका. आधी केबल बघा, मग पत्ता, मग पिंग. त्यानंतर जो अडथळा लागेल तो कुणी आणि का घातला होता ते पाच मिनिटं वाचा. मग तो काढायचा की बाजूने जायचं हे ठरवणं सोपं जातं.

बाबा पत्ते मोबाइलवर खेळायला शिकतायत. अवघड चाललंय.